कातड्याचा टांका आणि धाग्याची पारख

कापड शिवणाऱ्याची सुई जेथून जाते तेथें भोंक उरत नाहीं. ताण्याबाण्याचे तंतु क्षणभर बाजूला सरतात आणि सुई गेल्यावर पुन्हां एकमेकांजवळ येतात. कातड्याचें तसें नाहीं. आरीनें पाडलेलें छिद्र कातड्यांत कायमचें राहतें. म्हणून कातडें शिवणारा कारागीर प्रत्येक टांक्यागणिक आपल्या मालाचें थोडें नुकसान करीत असतो, आणि तें भरून काढण्याचें काम धाग्यावर सोंपवीत असतो. धागा कोणता घ्यावा, हा प्रश्न वरवर पाहतां किरकोळ वाटेल. परंतु घोडेस्वाराचा तंग, भिस्त्याची पखाल आणि वाटसरूच्या पायांतील वहाण यांचा भरंवसा शेवटीं त्या एका दोऱ्यावर असतो. गेल्या पांच हजार वर्षांत मनुष्यानें या प्रश्नाचीं जीं उत्तरें शोधलीं, त्यांचा इतिहास राजेरजवाड्यांच्या बखरींत सांपडत नाहीं. तो जुन्या शिवणींतूनच वाचावा लागतो.

इ. स. १९९१ मध्यें ऑस्ट्रिया व इटली यांच्या सरहद्दीवर, आल्प्स पर्वतांतील वितळणाऱ्या बर्फांतून एका मनुष्याचें शरीर बाहेर आलें. ओट्झी या नांवानें तो आतां जगास परिचित आहे, आणि सुमारें ५३०० वर्षांपूर्वीं त्याचा अंत झाला असें विद्वानांनीं ठरविलें आहे. त्याच्या अंगावरील झगा शेळ्यामेंढ्यांच्या कातड्यांचे पट्टे जोडून केलेला होता. ती मूळ शिवण जनावरांच्या कंडरांपासून काढलेल्या तंतूंची आहे, आणि ती नेटकी आहे. पुढें झगा जेथें उसवला तेथें गवताच्या दोऱ्यानें ओबडधोबड दुरुस्ती केलेली दिसते. या एका वस्त्रावरून एवढें स्पष्ट होतें कीं, शिवणीला उत्तम धागा कोणता व अडल्या वेळीं चालण्यासारखा कोणता, हा भेद इतक्या प्राचीन काळींहि करावा लागत होता.

कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशीं जोडणारी चिवट दोरी. ती वाळवून ठेचली म्हणजे तिचे बारीक व बळकट तंतु निघतात. उत्तर ध्रुवाजवळील हिमप्रदेशांत राहणाऱ्या इन्युइट स्त्रियांनीं या तंतूंचा उपयोग पराकाष्ठेला नेला. रेनडियर जातीच्या जनावराच्या पाठीवरील कंडरा त्या धाग्यासाठीं वापरीत. हा धागा पाण्यानें फुगतो आणि फुगल्यामुळें सुईचें छिद्र आपोआप बुजतें. शिवाय ज्या शिवणींतून पाणी आंत येतां कामा नये, तेथें सुई कातड्याच्या आरपार न नेतां अर्ध्या जाडींतूनच बाहेर काढण्याची त्यांची युक्ति होती. ज्या मुलुखांत पाय भिजला तर तो गोठून मनुष्य दगावतो, तेथें धाग्याची पारख हा जीवनमरणाचाच प्रश्न होता. परंतु कंडरेची लांबी जनावराच्या शरीराएवढीच. कामहि फार वेळखाऊ. वस्ती वाढली, शेती व व्यापार वाढला, तसा हा धागा मागें पडणें अपरिहार्य होतें.

कातडें कातड्यानेंच शिवावें, ही दुसरी प्राचीन तोड. आर्मीनिया देशांतील एका गुहेंत २००८ सालीं जो जोडा सांपडला तो सुमारें साडेपांच हजार वर्षांपूर्वींचा असून, गाईच्या एकाच कातड्याचा तो तुकडा कातड्याच्याच वादीनें आवळलेला आहे. महाराष्ट्राला ही रीति परकी नाहीं. कोल्हापुरी वहाण म्हणून जी प्रसिद्ध आहे तिचे तळ वादीनेंच शिवले जातात, आणि परंपरागत पद्धतींत तिला खिळा लागत नाहीं. यामागें मोठें शहाणपण आहे. वहाणेचें कातडें बाभळीची साल व हिरडा यांनीं कमावलेलें असतें. हिरडा व हिराकस यांपासून काळी शाई करण्याची आपली जुनी रीत सर्वांस ठाऊक आहे. हिरड्यांतील तुरट द्रव्य व लोखंड यांचा संयोग झाला कीं काळा रंग उत्पन्न होतो. तीच गोष्ट कमावलेल्या कातड्यांत ठोकलेल्या लोखंडी खिळ्याची होते. ओल लागतांच खिळा गंजतो, भोंवतालचें कातडें काळें पडतें आणि कालांतरानें ठिसूळ होतें. वादीचें व तळाचें मात्र गोत्र एकच. दोन्हीं पाण्यानें एकदम फुगतात व उन्हानें एकदम आकसतात, म्हणून एक दुसऱ्याला कापीत नाहीं. २०१८ सालीं या वहाणेला भौगोलिक नांवाचें कायदेशीर संरक्षण मिळालें, तें महाराष्ट्रांतील कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर आणि कर्नाटकांतील बेळगांव, बागलकोट, धारवाड व विजापूर अशा आठ जिल्ह्यांना मिळून.

वादीला एक मर्यादा आहे. ती ओवण्यास छिद्र मोठें लागतें, आणि छिद्र मोठें म्हणजे टांके विरळ. पाणी धरून ठेवणारी, ताण सोसणारी किंवा नाजूक वळणाची शिवण तिनें साधत नाहीं. त्यासाठीं बारीक, लांब आणि एकसारखा धागा हवा, आणि तो वनस्पतींनींच पुरविला. युरोपांत जवसाच्या देठाचा तंतु व भांगेच्या जातीच्या झाडाचा वाख हे दोन या कामीं मान्यता पावले. त्यांच्या वापराचा पुरावाहि मोठा चमत्कारिक आहे. उत्तर इंग्लंडमधील व्हिंडोलँडा येथें रोमन सैन्याची छावणी होती. तेथील ओल्या व हवा न पोंचणाऱ्या मातींत शिपायांचे जोडे व तंबूंचीं कातडीं जवळजवळ दोन हजार वर्षें टिकून राहिलीं. अशा मातींत कातडें टिकतें, पण वनस्पतीचा धागा कुजून नाहींसा होतो. म्हणून संशोधकांना पुष्कळदां केवळ टांक्यांच्या छिद्रांच्या रांगा मिळतात. त्या रिकाम्या छिद्रांचा आकार, त्यांतील अंतर आणि धाग्याच्या ताणानें पडलेले वळ पाहून शिवण कोणत्या प्रकारची होती हें ते सांगतात. शिवणाऱ्याचा दोरा गेला, पण त्याच्या हाताची शिस्त कातड्यावर लिहिलेली राहिली.

जवसाचा तंतु कां निवडला, याचीं कारणें त्याच्या स्वभावांत आहेत. तो लांब असतो. ताणला तरी फारसा वाढत नाहीं, म्हणून एकदां आवळलेला टांका सैल पडत नाहीं. आणि भिजल्यावर त्याची शक्ति घटण्याऐवजीं वाढते. रेशीम देखणें व बळकट खरें, पण भिजलें म्हणजे तें दुबळें होतें. जवसाच्या तंतूचा एकच मोठा दोष, तो म्हणजे ओलींत कुजण्याचा. त्यावर उपाय म्हणून मेण आलें. खोगीर करणारे पिवळें मधमाशीचें मेण वापरीत, तर जोडे करणारे डांबर व राळ यांचें काळें, चिकट मिश्रण पसंत करीत. मेणाचा उपयोग धाग्याला केवळ पाण्यापासून वांचविण्यापुरताच नव्हता. धागा छिद्रांतून जोरानें ओढतांना घर्षणानें मेण किंचित् वितळे, छिद्राच्या भिंतींना चिकटे आणि थंड होतांच टांका जागच्या जागीं पक्का करी.

जुन्या पद्धतीचा युरोपीय जोडेकरी तयार धागा विकत घेत नसे. तो स्वतः वळीत असे. आधीं वाखाच्या किंवा जवसाच्या एकेरी सुताचे काम पाहून हवे तितके पदर तो एकत्र घेई. जाड तळासाठीं पदर अधिक, वरच्या मऊ कातड्यासाठीं कमी. सर्व पदर एकाच जागीं न कापतां ते मागेंपुढें तोडून टोंक निमुळतें करण्यांत येई. मग मांडीवर घासून त्याला पीळ द्यावयाचा आणि मेण चोळावयाचें. शेवटीं निमुळत्या टोंकाला सुईऐवजीं रानडुकराचा राठ केंस गुंफावयाचा. हा केंस कां, असा प्रश्न सहज पडेल. जोड्याच्या तळाच्या कडेला आरीनें पाडलेलें छिद्र सरळ नसून वांकडें असतें. पोलादी सुई तेथें अडखळते, तर केंस लवून वाट काढतो. सुईचें नेढें धाग्याहून जाड असतें, त्यामुळें छिद्रहि मोठें पाडावें लागतें. केंसाला ती अडचण नाहीं. छिद्र जितकें लहान तितकी शिवण बळकट, हा या सर्व खटाटोपाचा अर्थ होता.

खोगीर व लगाम यांचे कारागीर यांहून निराळ्या रीतीनें काम करीत. घोडा हें ज्या काळीं सैन्याचें व दळणवळणाचें मुख्य साधन होतें, त्या काळीं या कारागिरांचें महत्त्व मोठें होतें. महाराष्ट्रांत जीनगर हें नांवच मुळीं जीन, म्हणजे खोगीर, करणाऱ्यांवरून पडलें. खोगिराची खास शिवण एकाच धाग्याच्या दोन टोंकांना दोन सुया लावून घालतात. प्रत्येक छिद्रांतून दोन्ही सुया समोरासमोरून जातात, आणि म्हणून कातड्याच्या दोन्ही बाजूंस अखंड टांक्यांची ओळ दिसते. एखादा टांका झिजून तुटला तरी दुसऱ्या बाजूचा धागा शिवण धरून ठेवतो, आणि मेणामुळें शेजारचे टांके जागचे हालत नाहींत. भरधांव घोड्यावर बसलेल्या स्वाराचा तंग एका टांक्यासरशीं सुटून चालत नाहीं. या शिवणीची सारी युक्ति त्या भयांतून जन्मास आली आहे.

धागा हातांनीं वळण्याचा काळ मावळला तो अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत. स्कॉटलंडमधील पेझ्ली गांवाच्या परिसरांत १७२० च्या सुमारास क्रिश्चन शॉ नांवाच्या बाईनें जवसाच्या पिळदार धाग्याचा धंदा नांवारूपास आणला. हॉलंड देशांतील पीळ देण्याची पद्धति तिनें आपल्याकडे आणविली. याच बाईच्या बालपणींच्या आरोपांवरून १६९७ सालीं तेथें चेटकाचा खटला होऊन निरपराध माणसांना फांशी झाली होती, ही त्या इतिहासाची काळी बाजू. पुढें १७८४ सालीं जॉन बार्बर हा पेझ्लीचाच गृहस्थ आयर्लंडमध्यें लिस्बर्न येथें गेला आणि त्यानें तेथें जवसाच्या धाग्याचा कारखाना काढला. १८२५ सालीं जेम्स के यानें जवसाचा तंतु ऊन पाण्यांतून काढून ओलाच कांतण्याची युक्ति इंग्लंडांत रूढ केली. ओल्या तंतूचा चिकटपणा सैल होतो आणि त्यापासून यंत्रावर पूर्वीं न साधणारें बारीक व सारखें सूत निघतें. लिस्बर्नजवळील हिल्डन येथील बार्बर घराण्याची गिरणी पुढें जगांतील मोठ्या गिरण्यांत गणली गेली.

गिरणीबरोबर धाग्याला नंबर आला. जवसाच्या सुताची मोजणी अशी कीं, ३०० यार्डांची एक लड धरावयाची आणि एका पौंडांत अशा किती लडी बसतात तो त्या सुताचा नंबर मानावयाचा. नंबर जितका मोठा, तितकें सूत बारीक. त्यापुढें पदरांची संख्या येते. अठरा नंबरचें सूत तीन पदरी केलें तर तो हलक्या कामाचा धागा. तेंच पांच पदरी केलें तर पट्ट्यांच्या व तोबऱ्यांच्या जड कामाचा. पूर्वीं जी गोष्ट कारागिराच्या बोटांना कळत असे, ती आतां दुकानांतील रिळावर छापून येऊं लागली. परंतु नंबर समजला म्हणजे निवड समजली असें नव्हे. जाड धाग्याला मोठें छिद्र लागतें, आणि मोठीं छिद्रें जवळजवळ पाडलीं तर शिवण म्हणजे टपालाच्या तिकिटांमधील छिद्रांची ओळ होते; ताण बसतांच कातडें नेमकें त्या रेषेवर फाटतें. म्हणून खोगिराच्या साध्या कामांत इंचाला सहा ते आठ टांके घालतात. धागा बारीक असेल तरच टांके याहून दाट घालावयाचे, ही कारागिरांची सावधगिरी आहे.

या धाग्याचा हिंदुस्थानाशीं संबंध आला तो सैन्याच्या मार्गानें. १८६० च्या दशकांत सरकारनें कानपूर येथें खोगीर व घोड्यांचा सरंजाम तयार करण्याचा कारखाना चालविला, आणि त्या शहरांत चामड्याच्या धंद्याचा विस्तार झाला. येथें एक विलक्षण गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. जवस हें विदर्भापासून मध्य हिंदुस्थानापर्यंत शेतकऱ्यांचें जुनें पीक. परंतु आपलें जवस बुटकें व फांद्यांचें असून तें तेलासाठीं पेरतात, तर युरोपांतील तंतूचें जवस उंच, सरळ व विरळ फांद्यांचें असतें. झाड एकाच जातीचें, पण एका देशानें त्यांतून तेल घेतलें आणि दुसऱ्यानें धागा.

इतक्यांत शिवणयंत्र आलें. १८४६ सालीं एलायस हाउ यानें अमेरिकेंत आपल्या यंत्राचा हक्क नोंदविला. १८५८ सालीं लायमन ब्लेक यानें जोड्याचा तळ शिवणाऱ्या यंत्राचा हक्क मिळविला, आणि १८६१ सालीं सुरू झालेल्या अमेरिकन यादवी युद्धांत फौजांना लागणाऱ्या लाखों जोड्यांमुळें अशा यंत्रांना बरकत आली. यंत्राचा वेग वादातीत आहे. परंतु हाउच्या प्रकारच्या यंत्राची शिवण खोगिराच्या शिवणीहून स्वभावतःच वेगळी आहे. तिच्यांत एक धागा वर व एक खालीं राहून ते दोघे कातड्याच्या मध्यावर एकमेकांत अडकतात. कोणताच धागा आरपार जात नाहीं. वरचा धागा तुटला कीं खालच्याला धरावयास कांहीं उरत नाहीं, आणि शिवण उसवत जाते. म्हणून ज्या वस्तूवर मनुष्याचा जीव अवलंबून असतो, तेथें यंत्र आल्यावरहि हाताचा टांका टिकून राहिला.

विसाव्या शतकांत धाग्याच्या इतिहासाला मोठी कलाटणी मिळाली. पहिल्या महायुद्धांत विमानांचे पंख मढविण्यास जवसाचें कापड लागूं लागलें, आणि त्याच वेळीं रशियांतून येणाऱ्या तंतूच्या पुरवठ्यांत खंड पडला. नैसर्गिक तंतूवर विसंबण्यांतील धोका तेव्हां ठळकपणें दिसला. १९३५ सालीं अमेरिकेंत वॉलेस कॅरोदर्स या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेंत नायलॉन तयार झालें. १९४१ सालीं इंग्लंडांत व्हिनफील्ड व डिक्सन यांनीं पॉलिएस्टरच्या तंतूचा शोध लाविला. दुसरें महायुद्ध संपल्यावर हे दोन्ही तंतु कातड्याच्या कामांत शिरले. ते कुजत नाहींत, वाळवी त्यांना खात नाहीं, आणि त्याच जाडीच्या जवसाच्या धाग्याहून ते टिकाऊ असतात. टोंक विस्तवाजवळ धरलें कीं वितळून गांठ बसते. नायलॉन ताणलें असतां लांबतें व उन्हानें दुबळें होतें. पॉलिएस्टर या दोन्ही बाबतींत अधिक खंबीर आहे, म्हणून उन्हापावसांतील वस्तूंना तें अधिक मानवतें.

एवढे गुण असतां जवसाचा धागा कारागिरांनीं पूर्णपणें कां टाकला नाहीं? याचें उत्तर या साऱ्या इतिहासाचें सार आहे. धागा आणि कातडें यांच्यांत एकानें तरी कधीं ना कधीं हार खाल्ली पाहिजे. धागा कातड्याहून थोडा दुबळा असेल तर अतिताणानें धागा तुटतो. मग कारागीर जुनें सूत काढून टाकतो, त्याच छिद्रांतून नवा धागा ओवतो, आणि वस्तु पुन्हां कामास लागते. धागा बारीक असून कातड्यापेक्षां फार कणखर असेल, तर तो तुटत नाहीं. तो तारेसारखा छिद्राची भिंत कापीत जातो आणि शेवटीं कातडेंच फाटतें. फाटलेल्या कडेला पुन्हां छिद्र पाडावयास जागा उरत नाहीं. तुटलेल्या धाग्याला औषध आहे. फाटलेल्या कातड्याला नाहीं. म्हणूनच जुनीं खोगिरें दुरुस्त करणारे आणि जुन्या ग्रंथांची बांधणी करणारे कारागीर आजहि जवसाच्या धाग्याकडे वळतात. हिल्डनची गिरणी २००६ सालीं बंद पडली, तरी तो धागा वापरण्यामागील विचार बंद पडला नाहीं. धाग्याचें बळ त्याच्या एकट्याच्या ताकदीवर मोजावयाचें नसून ज्याच्याशीं त्याला संसार करावयाचा त्याच्या ताकदीशीं जुळवून पाहावयाचें, हाच तो विचार.

हा विचार कोणा पंडितानें ग्रंथांत मांडला नाहीं. आरी, रांपी आणि मेणाचा गोळा घेऊन बसलेल्या माणसांनीं तो पिढ्यान् पिढ्या हातांत जपला. आपल्या देशांत या माणसांना गांवकुसाजवळ ठेवण्यांत आलें. त्यांनीं शिवलेल्या मोटेचें पाणी मळ्यांना चाललें, त्यांनीं शिवलेली वहाण पायांना चालली, पण त्यांचा स्पर्श चालला नाहीं. काशीचे संत रोहिदास जोडे शिवतां शिवतां भजन करीत, हें अभिमानानें सांगणाऱ्या समाजानेंच त्यांच्या व्यवसायबंधूंना लेखणीपासून शतकानुशतकें दूर ठेवलें. त्यामुळें कोणत्या कामाला कोणता धागा, किती पदर, किती मेण, हें ज्ञान शाळेंत आलें नाहीं, कोशांत नीट नोंदलें गेलें नाहीं, आणि कारागीर गेला कीं त्याच्याबरोबरच पुष्कळदां लोपलें. १९५० सालीं अंमलांत आलेल्या राज्यघटनेनें अस्पृश्यता कायद्यानें नष्ट केली. परंतु त्या अन्यायापायीं जें ज्ञान अलिखित राहून हरवलें, तें कोणत्याहि कायद्यानें परत येणारें नाहीं.

जें उरलें आहे तें मात्र अजून वाचतां येतें. एखादी जुनी वहाण, जुना पट्टा, जुन्या वहीची बांधणी हातीं आली तर तिची शिवण उजेडांत धरून पाहावी. टांके किती अंतरावर आहेत, धागा वादीचा आहे कीं सुताचा, मेणाचा अंश उरला आहे काय, आणि जेथें ती वस्तु निकामी झाली तेथें धागा तुटला आहे कीं कातडें फाटलें आहे, एवढे चार प्रश्न तिला विचारावे. पहिल्या तीन प्रश्नांच्या उत्तरांतून ती वस्तु कशी घडली तें कळेल. चौथ्याच्या उत्तरांतून ती शिवणाऱ्याला पुढच्या दुरुस्तीची किती काळजी होती, तें कळेल.